मिठाशेजारची बाई

वान-निंग नेमकं काय करते, हे तिच्या आईला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. "कॉम्प्युटरवर असते," एवढं सांगून ती विषय बदलते. मी मात्र कुणी न विचारताही सांगते. ती लोकांना वेबसाइट करून देते, कुणाच्या नोकरीत नाही, आणि तिचं उत्तम चाललंय. एवढं छातीठोक सांगायचा अधिकार मला आहे, कारण ती माझ्या नाश्त्याच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि तिचं निम्मं काम माझ्याच टेबलावर होतं. एक सोयाचं दूध, एक अंड्याची पोळी, आणि दुपारपर्यंत टेबल अडवलेलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर टेबल पुसता पुसता मी त्यालाही पुसून काढलं असतं. आ-निंगला, लाडाने मी तिला हेच म्हणते, मी काही बोलत नाही. तिला बघायला मला आवडतं.

गेलं वर्ष तिला चांगलं गेलं. वाम माशाच्या शेवया विकणाऱ्या दुकानाचं काम झालं. त्या मालकाला पानावर खरोखर पोहणारी वाम हवी होती, आणि ती पोहलीसुद्धा, पण ऑर्डरचं बटण झाकून टाकायची. मग दाताच्या डॉक्टर आल्या. त्यांना सगळं शांत, निळं हवं होतं. ते तयार झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे अगदी दवाखान्यासारखं दिसतंय." आ-निंग म्हणाली, "दवाखानाच आहे ना तो?" अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका गृहस्थांना तर शेवटी 'पुन्हा अवश्य या' असं लिहून हवं होतं, कारण म्हणे सगळ्यांच्या वेबसाइटवर असतं. तेव्हा माझ्या हातातला झारा खाली पडला होता.

गिऱ्हाइकांचा तिला त्रास होत नाही असं नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक 'जरासं' म्हणालं की समजावं, भिंत पाडून नव्याने बांधायची आहे. रंग जरासा बदला. अक्षर जरासं मोठं करा. आ-निंग करारातच लिहिते, 'जरासं' तीनदा, चौथं 'जरासं' म्हणजे नवीन काम. आणि हे ती इतकं हसून सांगते की समोरचा मान डोलावून जातो. डोकं फारच तापलं तर ती कोळंबी धरायला जाते. गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तळं आहे, गळ भाड्याने मिळतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं आणि लागेल ती कोळंबी तिथेच मीठ लावून भाजायची. तिची आई म्हणते, "या वयात मुली नवरा गळाला लावतात, ही कोळंबी लावते." आ-निंग म्हणते, "कोळंबी निदान 'जरासं' म्हणत नाही."

मंगळवारी संध्याकाळी ती शिकवतेही. आमच्या गल्लीतल्या शाळेत मोठ्या माणसांसाठी वर्ग चालतात, त्यात 'आपलं पान आपणच करू या' असा तिचा वर्ग. मीही नाव घातलं होतं, म्हटलं बघू तर खरं ही पोर दिवसभर काय बडवत असते. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "सगळ्यांनी आपापलं नाव मोठ्या अक्षरात लिहा." आम्ही दहा-बारा म्हातारे एकेक बोटाने लागलो. माझं नाव शुई-लिएन, म्हणजे कमळ. ते पडद्यावर उमटलं तेव्हा मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतली याम आजी बसली होती. तिने हात मांडीवर ठेवले होते.

आ-निंग जवळ आली. "आजी, जमत नाहीये का? मी दाखवू?"

"नाही गं," याम आजी म्हणाली. "माझंच काहीतरी चुकत असेल. माझं नाव यात सापडत नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्या बोलीत मीठ म्हणजे याम. याम आजीचा बाप उत्तरेकडच्या मिठागरावर राबायचा. पहिली मुलगी झाली तेव्हा तिचं नाव मीठ ठेवायचं त्याने ठरवलं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर दुसरी चांगली गोष्ट नव्हती. पण आमचं एकेक अक्षर म्हणजे अख्खा शब्द, लहान लहान चिन्हं जोडून केलेला, आणि त्याने पाहिलं होतं की मुलींच्या नावांत बहुतेक 'बाई'चं चिन्ह असतं. म्हणून त्याने मिठाच्या अक्षराशेजारी एक बाई उभी केली आणि कागद नोंदणीच्या कारकुनापुढे धरला. असं अक्षर नसतंच. कारकुनाने मात्र जांभई देत जसंच्या तसं वहीत उतरवलं. तेव्हापासून जगात ते अक्षर एकाच माणसाचं आहे.

हाताने लिहायचे दिवस होते तोवर सगळं ठीक होतं. कॉम्प्युटर आले आणि नावाच्या जागी रिकामा चौकोन यायला लागला. या धंद्यातली माणसं त्या चौकोनाला टोफू म्हणतात, सोयाच्या पनीरच्या तुकड्यासारखा दिसतो म्हणून. बँकेने परस्पर तिच्या नावात 'सुंदर' या अर्थाचं अक्षर घातलं, त्याचा उच्चार साधारण तसाच म्हणून. दवाखान्यात पुकारा व्हायचा, "औ... औ चौकोन आजी!" औ हे तिचं आडनाव. लोक हसायचे, तीही हसायची. वर्गात त्या दिवशी मात्र ती हसली नाही.

आ-निंग म्हणाली, "आजी, चूक तुमची नाही, यंत्राची आहे. ते अक्षर मी काढून देईन. होऊन जाईल."

'होऊन जाईल' हे ती सगळ्याच बाबतीत म्हणते. चीड येते कधी कधी. पण होतं, हेही खरं.

त्याच सुमारास समुद्रदेवीच्या मंदिराचं काम तिच्याकडे आलं. आमच्या मंदिरात दिव्यांची भिंत आहे. नव्या वर्षाला प्रत्येकाने आपलं नाव, जन्मवेळ आणि पत्ता द्यायचा, मग त्याच्या नावाचा छोटा दिवा वर्षभर जळतो. पत्ता यासाठी की देवीला घर सापडावं. पूर्वी नावाच्या चिठ्ठ्या कुंचल्याने लिहायचे, मग छापायला लागले, आणि आता मंदिराच्या त्साय अध्यक्षांना सगळी भिंत पडद्याची हवी होती. घरबसल्या नाव भरलं की भिंतीवर दिवा उजळायचा. काम मोठं होतं. आ-निंगने हसत हसत घेतलं.

याम आजीला ते कळलं तशी ती सकाळीच माझ्या दुकानात येऊन बसली. नव्या वर्षानंतर तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. मुलगा जहाजावर, सून कुठे तरी उत्तरेला. आजही ती रोज येते आणि मुळ्याची वडी जास्त खरपूस कर म्हणून मला पिडते, पण त्या दिवशी वडीला तिने हात लावला नाही.

"पोरी," ती आ-निंगला म्हणाली, "मंदिराने छापील चिठ्ठ्या आणल्या तेव्हापासून माझ्या दिव्यावर चौकोन आहे. आणि तेव्हापासूनच माझं काळीज बिघडलं. मी मंदिराला दोष देत नाही. पण देवी शोधणार कुणाला? चौकोनाला?"

मी म्हटलं, "अगं आजी, देवीला सगळं कळतं."

"तुझं नाव नीट येतं ना, शुई? मग तू गप्प बस."

मी वडी उलटायला तव्याकडे वळले.

"मला मरायची भीती नाही," आजी म्हणाली. "पण ऑपरेशनच्या टेबलावर एक बाई पडलेली असणार आणि वर देवीच्या यादीत तिचं नावच नसणार, याची आहे."

आ-निंगने तिचा हात हातात घेतला. या वेळी 'होऊन जाईल' म्हणाली नाही. म्हणाली, "मी करते."

आम्ही दोघी मंदिरात गेलो, पण त्साय अध्यक्षांना ते पटेना. एका म्हातारीसाठी वेगळं अक्षर कोरत बसलो तर नवीन वर्ष येऊन निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. साधं 'मीठ' लिहावं. बँकेनेही बदललंच होतं.

"बँक तिला आशीर्वाद देत नाही, काका," आ-निंग म्हणाली.

"बरं, मग देवीलाच विचारू," म्हणत अध्यक्षांनी कौलाचे लाकडी तुकडे घेतले. चंद्रकोरीसारखे दोन, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर होकार, दोन्ही फुगीर वर आले तर नकार. त्यांनी विचारलं, "आई, साधं मीठ लिहिलं तर चालेल का?" आणि टाकले. दोन्ही सपाट. म्हणजे देवी हसली, ना होकार ना नकार.

"हसली म्हणजे हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"हसली म्हणजे तुम्हाला हसली," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा टाकले. देवी पुन्हा हसली. मागे उभ्या असलेल्या बायका आता उघड खिदळायला लागल्या. अध्यक्षांनी तुकडे जागेवर ठेवले आणि घसा साफ केला. "काढ बाई, काढ ते अक्षर. पण वेळेत."

ते अक्षर काढणं मला सोपं वाटलं होतं. दोन तुकडे जोडायचे, झालं. पण मिठाचं अक्षर आधीच रेघांनी गच्च भरलेलं असतं, त्यात शेजारी बाई, आणि सगळं दिव्याखालच्या टीचभर जागेत. लहान केलं की त्याचा काळा गोळा व्हायचा. आ-निंग एकेक रेघ बारीक करायची, उचलायची, सरकवायची, लांबून बघायची. मग मला हाक मारायची, "मावशी, काय दिसतंय?" मी खरं ते सांगायची, "मुंगी मेलेली दिसतेय." ती एक दुपार कोळंबीच्या तळ्यावर काढून आली आणि पुन्हा बसली. शेवटी एक दिवस अक्षर स्वच्छ उतरलं. उजवीकडे मीठ, डावीकडे सडपातळ बाई, प्रत्येक रेघ वेगळी. मला इतका आनंद झाला की मी तिला दोन अंडी जास्त घातली.

भिंतीची चाचणी होती त्या दिवशी आम्ही याम आजीला मंदिरात नेलं. आ-निंगने तिला यंत्रासमोर बसवलं, आजीने ती दाखवेल तसं एका बोटाने नाव भरलं, आणि भिंतीवर दिवा उजळला. खाली 'औ याम', चौकोन नाही. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजी उठून भिंतीपाशी गेली. एकेक रेघ बोटाने गिरवून बघितली. मग म्हणाली, "बाई लहान आहे."

"काय?" अध्यक्ष म्हणाले.

"बाई लहान काढलीय. ही मी नाही."

मला रागच आला. एवढी पोर झिजली, आणि हिचं हे. मी म्हटलंही, "आजी, अक्षर असंच असतं. डावीकडचं चिन्ह अंग चोरूनच उभं करायचं, शाळेत हेच शिकवतात."

"मी शाळेत गेलेच नाही," आजी म्हणाली. "मला एवढं एकच अक्षर येतं. बापाने मिठागराच्या ओल्या चिखलात काठीने काढून दाखवलं होतं. बाई मिठाएवढी होती. त्याला विचारलं, बाबा, एवढी मोठी का? तर म्हणाला, मीठ वाहणार ती, मग मिठापेक्षा लहान कशी असेल?"

मंदिराची तीन 'जरासं' कधीच संपली होती, हे चौथं होतं, आणि नियमाने नवीन काम. आ-निंग मंदिराच्या पायरीवर बसली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आजी, इथे माझ्याजवळ बसा. सांगा, केवढी?"

"अजून," आजी म्हणत गेली. "अजून. पाय फाकवून उभी होती ती. हं. अजून."

बाई मिठाएवढी झाली तेव्हा अक्षर दुसऱ्या सगळ्या अक्षरांपेक्षा दांडगं झालं आणि भिंतीवरची ती ओळ शेजारच्या नावांना ढकलत पुढे सरकली. अध्यक्ष कळवळले. "अगं, ओळ वाकडी दिसतेय! शेजारी लिनबाईंचा दिवा आहे, त्या भांडायला येतील."

"येऊ दे," आ-निंग म्हणाली. "त्यांना माझा नंबर द्या."

याम आजीने हात जोडले आणि देवीला आपलं नाव, जन्मवेळ आणि पत्ता मोठ्याने सांगितला, गल्लीच्या खुणेसकट. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आ-निंग आणि मी दोघी तिच्यासोबत होतो. आत नेण्याआधी नर्सने तिच्या मनगटावरची पट्टी पाहिली आणि थबकली. "आजी, नाव सांगा बरं तुमचं. इथे चौकोन छापलाय."

"औ याम."

"याम कुठलं?"

आ-निंगने फोन पुढे केला. नर्सने डोळे बारीक करून अक्षर बघितलं, "अगंबाई," म्हणाली, पेन काढलं आणि पट्टीवरच्या चौकोनाशेजारी उतरवायला लागली. सवयीने तिने डावीकडे एक बारीक, अंग चोरलेली बाई काढली.

याम आजी कॉटवर कोपरावर उठली.

"मोठी काढ, पोरी," ती म्हणाली. "आत मला जायचंय, मिठाला नाही."