आधी तू दम धर

माझी शेवटची पोस्टिंग मेहकर तालुक्यात झाली. तिला मूव्हमेंट ऑर्डर नव्हती आणि रेल्वे वॉरंटही नव्हतं. बावीस वर्षं सैन्याच्या वैद्यकीय शाखेत एक्स-रे काढून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी हिवरा आश्रमाजवळच्या माझ्या गावी परतलो. महिनाभर गोठा झाडला, बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड केली. शेवटी तीच वैतागली. "तुम्ही कुठं तरी ड्युटीवर जा बरं," म्हणाली. तालुक्याच्या गावी एका छोट्या संस्थेत एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स सुरू झाला होता. त्यांना शिकवणारा हवा होता आणि मला हुकूम सोडायला माणसं हवी होती. जमलं.

०८०० ला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. अंगात अॅप्रन, छातीवर रेडिएशन मोजणारा बिल्ला. ०८१५ ला मशीन चालू. ०९०० पासून शेजारच्या दवाखान्यातले चिठ्ठी घेऊन आलेले पेशंट. बारा विद्यार्थी होते आणि बाराही जणांना वाटत होतं की हे बटन दाबायचं काम आहे. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, बटन कुणीही दाबेल. फोटो हलला तर दुसरा काढावा लागतो, म्हणजे त्या माणसाच्या अंगावर पुन्हा विनाकारण किरण सोडायचे. ते पाप माझ्या खोलीत चालणार नाही.

फोटो सगळ्यात जास्त हलतो छातीचा. पेशंटनं छाती भरून श्वास घ्यायचा, रोखायचा, तेवढ्यात बटन दाबायचं. मी पोरांना परेडच्या आवाजात शिकवलं, "साँस लो! रोको!" फौजेत हा हुकूम कधी फसला नव्हता.

इथं फसला. माझ्या वर्गात बीबी गावची रेहाना होती. वडील पिंजारी, गाद्या भरणारे. मुलगी हुशार, बिल्ला कधी विसरायची नाही. प्रॅक्टिकल परीक्षेत तिच्या वाट्याला एक म्हातारी आली. रेहानानं पुस्तकातलं वाक्य म्हटलं, "श्वास रोखून धरा." म्हातारीनं नुसतंच पाहिलं. रेहाना गडबडली आणि म्हणाली, "आजी, दम धरा."

"धरला हाय ना माय," म्हातारी म्हणाली. "सकाळपासून बाकड्यावर बसून दमच धरून राह्यली."

बटन दाबलं गेलं तेव्हा आजीबाई बोलत होत्या. फोटो पुसट आला आणि रेहाना नापास झाली. संस्थेच्या नियमाप्रमाणे आणखी एकच संधी होती. तीही गेली असती तर दोन वर्षं पाण्यात.

मी तिला झापलं. आवाज चढवला नाहीस, पेशंटवर ताबा ठेवला नाहीस, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. मग मान वर केली.

"सर, तुमची ऑर्डर फौजेत चालते. इथं लोक ऑर्डर ऐकून घाबरते. घाबरलेला माणूस दम रोकत नाही, धापा टाकते."

मला राग आला. सुभेदाराला तोंडावर असं कुणी बोलत नाही. पण घरी जाताना बसमध्ये कळलं की राग तिच्यावर नव्हता, माझ्यावरच होता. ती जे बोलली ते मला फार पूर्वी एकानं शिकवलं होतं आणि मी निम्मंच लक्षात ठेवलं होतं.

ते म्हणजे हवालदार करमचंद, हिमाचलातल्या काँगड्याचे. उत्तरेतल्या एका फील्ड हॉस्पिटलात ते माझे उस्ताद होते. मी कोर्स संपवून चार महिने झालेला शिपाई. उस्तादांचा एक नियम होता: पेशंटला श्वास रोखायला सांगितलास की तूही रोख. मग तुला कळतं त्याला किती जड जातंय, आणि तुझा हातही हलत नाही. मी "हो उस्ताद" म्हणायचो आणि विसरायचो.

एका दुपारी १४४० ला रेडिओ बोलला. "लँडस्लाइड. दोन गाड्या दबल्या. सहा कॅज्युअल्टी. एक्स-रे तयार ठेवा. ओव्हर." उस्ताद त्या सकाळी पोर्टेबल मशीन घेऊन पुढच्या चौकीवर गेले होते. मी मशीन तयार केलं. १५२५ ला पहिलं स्ट्रेचर आत आलं, त्यावर तेच होते.

छाती एका बाजूनं दबली होती. मेजर साहेब म्हणाले, "चेस्ट. फटाफट." मी प्लेट पाठीखाली सरकवली. "साँस रोको उस्ताद," म्हणालो, तर माझाच आवाज फुटला.

त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, "पहले तू रोक."

मी श्वास रोखला. त्यांनीही रोखला. त्या छातीनं त्यांनी तो कसा रोखला, मला आजही समजत नाही. फोटो स्वच्छ आला. त्यावर बघून साहेबांनी छातीत नळी घातली, १६४० ला हेलिकॉप्टर त्यांना घेऊन उडालं. बाकीचे पाच जखमी वाचले, त्यांचे फोटो त्या संध्याकाळी मी एकट्यानं काढले, एकही हलला नाही. उस्ताद तिसऱ्या दिवशी बेस हॉस्पिटलात वारले.

रेहानाला झापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फॉल-इनला मी सगळ्यांसमोर उस्तादांची गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "चूक रेहानाची नाही, माझी आहे." बारा तोंडं उघडी राहिली. मग रेहानाला हुकूम दिला: आठ दिवस रेकी, म्हणजे टेहळणी. ओपीडीच्या बाकड्यावर बसायचं आणि लोक श्वास रोखण्याला काय म्हणतात ते लिहून आणायचं.

आठव्या दिवशी ती वही घेऊन आली. कुणी दम कोंडा म्हणत होतं, कुणी दम आवरा, कुणी साँस दाबा.

"सर, एक शब्द सापडतच नाही. पण एक गोष्ट सापडली. माणसाले त्याचं काम विचारलं की त्याच्या कामात कुठं ना कुठं दम रोकलेला असते. माझे अब्बा कापूस पिंजताना नाकात तंतू जाऊ नये म्हणून रोकतेच ना."

बावीस वर्षांच्या नोकरीत मला हे सुचलं नव्हतं. पुढचे दोन महिने रेहाना रोज पेशंटला आधी काम विचारायची, आणि उस्तादांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाबरोबर स्वतःचा श्वास रोखायची.

फेरपरीक्षेच्या दिवशी १०३० ला परीक्षक मॅडम आल्या. बाहेरगावच्या, कमी बोलणाऱ्या. मला आत जायला मनाई होती. मी व्हरांड्यात, काचेच्या खिडकीशी सावधानमध्ये उभा राहिलो. रेहानाच्या वाट्याला साखरखेर्ड्याचे सत्तरीतले गोविंदकाका आले. महिन्याचा खोकला, हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"काका, काम काय करता?"

"आता काही नाही. आधी विहिरीचा गाळ काढत होतो."

"म्हणजे बुडी मारता येते?"

"येते म्हंजे? तळाला गेलेली बादली काढून आणत होतो मी, पोरी."

"मंग आता तशीच मारायची. इथं छाती टेकवा, हनुवटी वर. मी बुडी म्हटलं की दम भरून बुडायचं. वर या म्हटल्याबिगर निघायचं नाही."

"हाव."

रेहाना शिशाच्या पडद्यामागं गेली. "मारा बुडी!"

काकांची छाती भरली आणि थांबली. रेहानाचीही थांबली. बटन दाबलं गेलं. मग काहीच नाही. काका दगडासारखे उभे, रेहाना स्क्रीनकडं टक लावून. माझाही श्वास व्हरांड्यात अडकलेला. दोन सेकंद, चार, सहा.

"अहो, रिलीज! पेशंटला सोडा!" मॅडम ओरडल्या.

"वर या काका! वर या!"

काकांनी सावकाश श्वास सोडला आणि मागं वळले. "इतक्यातच? मी तर आता कुठं बुडलो होतो."

मॅडमनी स्क्रीनवर पेन ठेवून बरगड्या मोजल्या. छाती पूर्ण भरली असेल तर पाठीकडून दहा दिसाव्या लागतात. "आठ... नऊ... दहा." त्यांनी पुन्हा मोजल्या. कडा चाकूनं कापल्यासारख्या होत्या.

"बुडी हा शब्द कुणी शिकवला?"

"काकांच्या कामानंच, मॅडम."

मॅडम हसल्या. मी व्हरांड्यात एकटाच सॅल्यूट ठोकला आणि झाडूवाल्या मावशी माझ्याकडं बघतच राहिल्या. सुभेदारी मिळाली त्या दिवशीसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. त्या परीक्षेनंतर माझे बाराही विद्यार्थी पास झाले होते. रेहानाचे वडील संस्थेत नवी गादी घेऊन आले, एक्स-रेच्या टेबलासाठी. टेबलावर गादी चालत नाही, असं मी नियम सांगून म्हटलं. "मंग तुमच्या खुर्चीले तरी चालते का?" त्यांनी विचारलं. खुर्चीला चालते. मी रोज तिच्यावर बसतो.

रेहाना आता बुलढाण्याला एका रुग्णालयात एक्स-रे विभाग सांभाळते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. अपघाताचे चार पेशंट एकदम आले होते आणि हाताखाली नवीन शिकाऊ मुलगी होती.

"तिचे हात लटलट कापत होते सर. म्या तिले म्हटलं, आधी तू दम धर."

"मग?"

"धरला तिनं. चारही फोटो एका शॉटमध्ये."

फोन ठेवला आणि मी त्या गादीवर बसलो. रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही. "पहले तू रोक" हे उस्तादांचं वाक्य मी तिला हिंदीतच सांगितलं होतं, मराठीत तिचं तिनंच करून घेतलं. हवालदार करमचंद यांनी बुलढाणा जिल्हा कधी पाहिला नव्हता.