मिसळणाचा डबा आणि मंडळाची वेबसाइट

फोडणी करताना बायको मिसळणाच्या डब्याकडे बघतसुद्धा नाही. नजर कढईवर असते आणि हात नेमका मोहरीच्या वाटीत जातो. आज ते पाहताना मला आमच्या गायन मंडळाची वेबसाइट आठवली आणि अंगाचा तिळपापड झाला.

मंडळात कॉम्प्युटरला न घाबरणारा मी एकटाच, म्हणून ती वेबसाइट माझ्या गळ्यात. परवा बायकोचं पहिलंच जाहीर गाणं होतं. कार्यक्रम सहाऐवजी पाचला ठरला, म्हणजे एक आकडा बदलायचा. पण ज्या महाभागाने ही यंत्रणा रचली, त्याने जन्मात कधी चहाही केला नसावा. वेळ दिसते एका पानावर, बदलायची भलत्याच पानावर. हळद मागावी, तर हा आधी विचारणार, कोणत्या विभागातली? शेवटी मी 'जतन करा' दाबलं, हिरवी खूण उमटली.

"झालं गं," मी ऐटीत म्हणालो.

जतन केलेलं फक्त आपल्याला दिसतं आणि लोकांना दाखवायचं बटण निराळं असतं, हे मला पाच वाजता रिकाम्या खुर्च्या बघून कळलं. मंडळी सहाला आली तेव्हा बायको शेवटची भैरवी गात होती.

"रागावली आहेस का अजून?" मी आज विचारलं.

"छे हो," कढईवरची नजर न हलवता ती म्हणाली, "घरी रोज तुम्हीच तर समोर असता. रिकाम्या खुर्चीपुढे गायची सवय आहे मला."

आणि न बघताच तिने चिमूटभर हिंग टाकला.