लाल पट्टीचा डबा

हे आजवर कोणापाशी बोललो न्हाई. जिला सांगायचं होतं ती गेली. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा येईल तसं लिहून राहिलो.

माझी पोरगी मीरा कंप्युटर शिकून पुसेगावला परत आली. आजूबाजूच्या खेड्यातल्या डायलिसिसच्या माणसांना हिंगोलीला न्यायला जीप लागायची. त्यांची नावं घ्यायला तिनं घरातच एक मशीन बसवलं. सर्व्हर म्हणायची त्याला. मशीन एकच, पण आत दोन कंटेनर — आमी डबे म्हणायचो. कोणता उघडलाय ते पडद्यावर वरच्या पट्टीवरून कळायचं. पिवळ्या पट्टीचा सरावाचा. त्यात काही बी भरा, काढा, कोणाचं अडत न्हाई. लाल पट्टीचा खरा. त्यातली नावं थेट जीपवाल्याच्या मोबाइलवर जायची.

"बाबा, पट्टी बघितल्याबिगर बोट लावायचं न्हाई," मीरा बजावायची. ती सेनगावला गेली की नावांचे फोन मी घ्यायचो अन् लाल डब्यात भरायचो. दुपारी पिवळ्या डब्यात खोटी नावं भरायचो अन् हात बसावा म्हणून सगळा रिकामा करायचो.

अन् गया, माझी बायको? तिला अक्षर येत न्हवतं. जेवणं झाली की त्या खोलीत झाडलोट करायची, मशीनवरून, बटणांवरून फडकं फिरवायची. बस.

एका दुपारी डबा रिकामा केला. मग वर बघितलं — पट्टी लाल. मीराला फोन लावला का? न्हाई. शेरडं सोडली अन् माळाला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी जीप निघालीच न्हाई. तांड्यावरची एक म्हातारी वाट बघत रस्त्यावर बसून राहिली, तिला धाप लागली, उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. ती वाचली. मीराचं काम न्हाई वाचलं. जुनी नक्कल होती तिच्यापाशी, पण नवी नावं गेली, लोकांचा भरोसा गेला.

"काल दुपारी कोण बसलं व्हतं इथं?" मीरानं इचारलं.

मी म्हणलो — "तुझी माय फडकं मारत व्हती."

"माय, तुझ्या फडक्यापायी माणूस मेलं असतं!"

गया माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, वळखलं हिनं. न्हाई. पोरगी बाहेर गेल्यावर हळूच इचारलं, "अहो, मी तर वरून वरून पुसलं. लागला असंल का ओ माझा हात?"

तिला खरंच ठाऊक न्हवतं. एका शब्दाचं काम होतं. मी म्हणलो, "लागला असंल."

काहून म्हणलो? पोरीच्या नजरेतून उतरायचं भ्या. दुसरं काही न्हाई.

मीरा नोकरीला पुण्याला गेली. मायशी कामापुरतं बोलायची. गया मग टीव्हीचं बटण बी मला दाबायला लावायची. "माझा हात वाईट हाय," म्हणायची — अन् मी दाबायचो!

औंदा ती गेली. जायच्या आधी मीराचा हात धरून म्हणली, "त्या म्हातारीपायी मला माफ कर, बाई." मी खाटेपाशीच उभा होतो.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मीरा माझ्यापाशी येऊन बसली. "बाबा, मी मायला लई तोडलं का हो?"

मी म्हणलो, "न्हाई बाई. चूक तिचीच व्हती."