मुखवट्याचा पत्ता

जपूनमामांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. अर्धं आयुष्य त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून काढलं होतं. समोर बस आली की "जपून", वळण आलं की "जपून", गाडी नुसती जागेवर उभी असली तरी "जपून". संध्याकाळी घरी आल्यावरही तो शब्द तोंडातून जात नसे. गरम चहाचा कप उचलणाऱ्या पाहुण्याला ते "जपून" म्हणत आणि जिना उतरणाऱ्या पोस्टमनलाही. भाचीने लहानपणी त्यांचं हे नाव ठेवलं आणि मग ते चिकटलंच.

माणूस भित्रा होता, यात वाद नाही. एकदा खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून धुरासारखं काहीतरी येताना पाहून त्यांनी अग्निशामक दलाला बोलावलं होतं. जवान दार ठोठावून आत शिरले, तर बाथरूममधून टॉवेल गुंडाळलेला एक गृहस्थ बाहेर आला. धूर नव्हता, कढत पाण्याची वाफ होती. ही गोष्ट दर बैठकीत रंगवून सांगितली जायची. मोठ्या बहिणीला, म्हणजे ताईला, एकदा उचकी लागली ती थांबेना, तेव्हाही मामांनी रुग्णवाहिकेला फोन लावला होता. ती दारात येईपर्यंत उचकी पळाली. ताईने कमरेवर हात ठेवून बजावलं होतं, "धाकट्या, पुन्हा माझ्यासाठी असा फोन केलास तर बघ. गल्लीभर शोभा होते माझी."

ताईचा शब्द म्हणजे शब्द. ती शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली. जिभेला अशी धार की तिच्याशी वाद घालायला भावोजीही आधी घसा साफ करून घेत. कोट्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं.

त्या रविवारी दुपारी ताईच्या घरी सगळे जमले होते. भावोजी, भाची, मामा-मामी आणि भावोजींचे जुने मित्र फोटोवाले काका. काकांचा कोपऱ्यावर फोटो स्टुडिओ होता. लोकांना हसवून फोटो काढता काढता त्यांना स्वतःलाच मोठ्याने हसायची सवय लागली होती. टॉवेलवाल्या गृहस्थाची गोष्ट सांगायचा मान त्यांचाच असे.

भाचीने घरी बनवलेला एक खेळ आणला होता. जाड पुठ्ठ्याचे पत्ते, आणि प्रत्येकावर सुपरहिरोंच्या दुनियेतला एकेक शब्द. पत्ते सगळ्यांत वाटायचे, मग एकाने हातातला एक पत्ता उलटायचा आणि त्यावरून जो शब्द सुचेल तो पटकन बोलायचा. पुढच्याने त्या शब्दावरून आपला शब्द जोडायचा, असं गोल फिरत जायचं. शब्दांचं नातं कळलं नाही तर कुणीही "कसं काय?" विचारू शकतं. उत्तर पटलं नाही तर तुमची शक्ती गेली. शक्ती आधीच वाटून दिलेल्या होत्या. ताई विजेची राणी, काका अदृश्य, भावोजींच्या अंगात दहा हत्तींचं बळ. मामांच्या वाट्याला रबरासारखं ताणलं जाणं आलं होतं, आणि कंबरदुखीमुळे ते अधूनमधून नुसतेच कण्हत होते.

"आणि केपशिवाय कुणी खेळायचं नाही!" भाचीने फर्मान काढलं. मग जे हाती लागेल ते गळ्यात आलं. मामींनी ओढणी बांधली, काकांनी चादर. मामांच्या गळ्यात चौकड्यांचा टेबलक्लॉथ आला आणि ताईने गुलाबी टॉवेल राजवस्त्रासारखा खांद्यावरून सोडला.

पहिले काही पत्ते झकास झाले. 'केप' आला तेव्हा ताई म्हणाली, "इस्त्री." काकांनी "कसं काय?" विचारताच ती ताडकन उत्तरली, "जग वाचवून घरी आल्यावर केपला इस्त्री कोण करतं? त्याची बायको. खरी सुपरहिरो कोण, ते मी सांगायला हवं का?" मामींनी टाळी दिली. भावोजी खिडकीबाहेर बघू लागले.

मग 'मुखवटा' आला. भावोजी म्हणाले, "चेहरा." त्यांच्यानंतर ताईची पाळी होती. ती क्षणभर पत्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चमचा."

"कसं काय?" भाचीने विचारलं.

ताई नुसती हसली. तेवढ्यात काकांनीच मांडीवर थाप मारली. "अरे, चमचेगिरी! आतला चेहरा एक आणि साहेबापुढचा एक! वा वहिनी, मानलं!" सगळे खदखदून हसले. मामाही हसले.

पुढचा पत्ता 'उडणं'. फिरत फिरत पाळी ताईपाशी आली. ती म्हणाली, "ओला... ओला दरवाजा."

"आता हे काय?" भावोजी म्हणाले.

"मला कळलं!" भाची ओरडली. "पावसात दरवाजा फुगतो, मग उघडत नाही, म्हणून खिडकीतून उडून जायचं! आई, तू ना भन्नाट आहेस!"

पुन्हा हशा झाला. या खेपेला मामांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांना वाटलं, ताईने स्वतःच्या कोटीचं स्पष्टीकरण दुसऱ्याला देऊ दिलं, असं कधी झालंय? चुकीचा अर्थ लावणाऱ्याला ती तिथल्या तिथे झोडपायची. आणि आता ती गप्प बसून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होती. परक्या गावात रस्ता चुकलेला माणूस पाहतो तशी.

मामांनी तिच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हातातले पत्ते मांडीवर ओघळले होते आणि ती ते डाव्या हाताने गोळा करत होती. हळूच त्यांनी विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना तुला?"

"झालं! सुरू झाले!" काका म्हणाले. "वहिनी, उचकी लागली का? गाडी बोलावतील हं हे!"

सगळी खोली पुन्हा हसली. मामींनी मामांच्या मांडीला हलकेच चिमटा काढला, म्हणजे आता पुरे. मामांचे कान तापले. आपलं मन हे असंच, वाफेला धूर म्हणणारं. ती दमली असेल. हात अवघडला असेल. त्यांनी मान खाली घातली आणि आपल्या पाळीला कसाबसा एक शब्द बोलून टाकला. काय बोलले ते त्यांना पुढे कधीच आठवलं नाही. पण ती एक फेरी ते ताईबद्दल गप्प बसले, हे मात्र ते विसरू शकले नाहीत.

पुढच्या पत्त्यावर ताईने जे म्हटलं तो शब्दच नव्हता. "तरकू," असं काहीतरी. आणि यावरही काकांनी अर्थ शोधायला सुरुवात केली. "परग्रहावरची भाषा! वहिनी परग्रहावरून आल्यात!"

मामा उठले. ते ताईच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले. "ताई, इकडे बघ. मी कोण?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "पंखा," ती म्हणाली.

काकांना हसू फुटलं आणि अर्ध्यावर विरलं. कारण ताईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण चुकीचं बोललो हे तिला कळत होतं. बरोबर शब्द कुठेतरी आत होता आणि तो तिच्या हाती लागत नव्हता. जन्मभर जिच्या जिभेच्या टोकावर शब्द नाचले, ती बाई भेदरलेल्या जनावरासारखी भावाकडे पाहत होती.

"हस बघू," मामा म्हणाले. "ताई, एकदा हस."

ती हसली. अर्धा चेहरा हसला आणि अर्धा तसाच राहिला.

"भावोजी, उठा! हिला धरा! हा झटका आहे, मेंदूचा झटका!"

"अहो, पण आत्ता तर ती..." भावोजी जागेवरच थिजले होते.

"उठा म्हणतो ना!"

जपूनमामांना इतक्या मोठ्याने ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं. भाचीने रुग्णवाहिकेला फोन लावला. जवळची गाडी दुसरीकडे गेलेली, यायला वेळ लागेल, असं पलीकडून कळलं. मामांनी किल्ली काढली. ती खाली उभ्या असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीची होती, छपरावर शिकाऊची पाटी लावलेल्या. काका आणि भावोजींनी ताईला खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि सगळे दाटीवाटीने गाडीत शिरले. काकांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

त्या दिवशी मामांनी गाडी कशी चालवली, हे भाचीने पुढे कितीतरी जणांना सांगितलं, आणि दर वेळी सांगताना तिचा आवाज कापला. मामांना स्वतःला फक्त भीती आठवते. स्टिअरिंगवरून घसरणारे घामट तळवे आठवतात. मागच्या सीटवरून येणारे ते तुटके आवाज, आणि भावोजींचं सारखं "मी आहे ना, मी आहे ना" म्हणणं. छपरावरची पाटी बघून लोक वाट देत होते की चिडून हॉर्न वाजवत होते, देव जाणे. एका चौकात सिग्नल लाल होता. मामांनी दोन्हीकडे पाहिलं, हॉर्नवर हात दाबून धरला आणि गाडी पुढे घातली. तेव्हा त्यांच्या तोंडून रडण्यासारखा एक आवाज निघाला. भाचीला वाटलं, आता हे गाडी थांबवणार. पण त्यांनी थांबवली नाही.

रुग्णालयाच्या दारात त्यांनी "कुणीतरी या!" अशी आरोळी ठोकली, आणि स्ट्रेचर घेऊन धावत आलेली नर्स क्षणभर बघतच राहिली. गळ्यात गुलाबी टॉवेल बांधलेली बाई, तिच्यामागे ओढणीवाली, चादरवाला, आणि पुढे चौकड्यांचा टेबलक्लॉथ पाठीवर उडवत आलेला एक पांढराफटक माणूस.

"शेवटच्या कधी नीट होत्या या?" आतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "नीट आठवून सांगा. औषध त्यावर ठरतं."

मामा म्हणाले, "केपच्या पत्त्याला ठीक होती. मुखवट्याच्या पत्त्यापासून बिघडलं."

"कशाच्या?"

मग त्यांना खेळ समजावून सांगावा लागला. एकीकडे स्ट्रेचर हलत होतं आणि हा माणूस डॉक्टरांना पत्ते, फेऱ्या आणि इस्त्रीची कोटी सांगत होता, बोबडी वळलेल्या आवाजात. भाचीने मोबाइल पुढे केला. केपच्या कोटीनंतर तिने आईचा हसतानाचा फोटो काढला होता. त्यावर वेळ होती. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला. "वेळेत आहात," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

सगळे बाहेरच्या बाकावर बसले. काका चादरीची गाठ सोडायचा प्रयत्न करत होते, पण बोटं साथ देत नव्हती. शेवटी मामांनी ती सोडवली.

"मी हसत होतो रे," काका म्हणाले. "ती बुडत होती आणि मी हसत होतो."

"मीही बसून राहिलो एक फेरी," मामा म्हणाले. "लाज वाटली, म्हणून."

ताई वाचली. औषधाने मेंदूतली रक्ताची गाठ विरघळली, हातात बरंचसं बळ आलं. पण शब्द लपून बसले ते एकेक करूनच बाहेर यायला लागले. बोलणं पुन्हा शिकवणारी एक तरुण बाई रोज येऊन तिला चित्रं दाखवायची. किटलीला ताई "छत्री" म्हणायची, मग स्वतःवरच चिडून चित्र भिरकावून द्यायची. कुणी तिच्या तोंडात शब्द घातला की ती हाताने गप्प करायची. घरातल्या सगळ्यांना वाट बघायला शिकावं लागलं, आणि ते सर्वांत अवघड गेलं भावोजींना.

मामांची भीती काही गेली नाही, वाढलीच. ताई बोलता बोलता थांबली की यांचा श्वास अडकायचा. हे थांबणं शब्द शोधणारं, की दुसरंच? घरी फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. फक्त त्यांच्या भीतीवर आता कुणी हसत नव्हतं. खरं तर मामांना त्याचंही भय वाटायचं. हसत होते तेव्हा निदान सगळं ठीक तरी होतं.

एका सकाळी फोनवर ताईचं नाव उमटलं. मामांनी तो कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास. ते वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने आवाज आला, "शनिवार. ये. चहा."

शनिवारी मामा पोचले तर दाराला कुलूप. बेल वाजवली, दार ठोठावलं, भावोजींचा फोन लागेना. पायरीवर बसून ते रुग्णालयाचा नंबर शोधू लागले. इतक्यात फाटक वाजलं. ताई काठी टेकत, भावोजींच्या हातातून हात सोडवून घेत येत होती. पिशवीत भाजी होती.

"तू?" ती म्हणाली. "आज?"

"तूच म्हणालीस ना, शनिवारी ये!"

ताईने भुवया उंचावल्या. ओठ हलले, शब्द येईना. भावोजी मदतीला तोंड उघडणार, तोच तिने त्यांच्या पायावर काठी टेकवली. मामा पायरीवर तसेच बसून राहिले, हातात फोन.

"रवि...," ती म्हणाली. थांबली. पुन्हा जोर लावला. "रविवार. रविवार म्हणायचं होतं मला." आणि जरा दम घेऊन, एकेक शब्द जुळवत, "सरक. कुलूप. उघडू दे."

मामा सरकले. आत जाऊन त्यांनीच चहा टाकला.