आरामासाठी आणलेली देवी

आराम कर म्हणायला काय लागतं? म्हणणारा म्हणून मोकळा होतो. आमच्यासारख्या घरात सुनेनं भरदिवसा आडवं पडायचं म्हणजे काय असतं, ते जालन्याच्या त्या डॉक्टरीणबाईला कुठून कळणार.

निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. मला सातवा लागला होता आणि पायावर सूज चढून राह्यली होती. जोडवी बोटात रुतली, ती साबण लावून काढावी लागली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पाय पाहिले अन् त्या मटकन खालीच बसल्या. दोन वर्षांमागं माझी थोरली जाऊ अशीच सुजली होती. बाळंतपणात तिला झटके आले अन् त्यातच ती गेली. पोरही वाचलं न्हाई.

आत्याबाईंनी कुणाला विचारलं न्हाई, छकडा जुंपायला लावला आणि मला जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईनं दंडाला पट्टा बांधला, रबराचा फुगा दाबला आणि सांगितलं की रक्ताचा जोर फार वाढलाय, तो उतरला न्हाई तर झटके येतील. मीठ कमी करा. जातं, पाणी, जळण बंद. दुपारी कुशीवर निजायचं, हातपाय सैल सोडायचे, लांब श्वास घेऊन हळूहळू सोडायचा. सकाळ-संध्याकाळ थोडं चालायचं, पण दम लागेल असं न्हाई. बाकी औषध काही न्हाई. मी मनात म्हटलं, एवढंच? लई सोपं दिसतंय.

आमचे हे जाफराबादला कचेरीत कारकून होते. सुट्टीला आले तेव्हा म्हणाले, "बिलकुल आराम कर. सगळं बराबर होईल." आणि दुसऱ्या दिवशी निघून गेले. त्यांचंही बराबरच होतं, त्यांना कुठं उठबस करायची होती.

मंग माझा आराम सुरू झाला. आमच्या घरात निजायला जागा एकच, माजघर. बाकीच्या खोल्यांत कापूस भरलेला. ओसरीवरून चुलीकडं जाणारा प्रत्येक माणूस माजघरातून जायचा. आणि रीत अशी, की मामंजींचा खोकला ऐकू आला की सुनेनं उठायचं, पदर पुढं ओढायचा अन् ते जाईपर्यंत भिंतीला लागून उभं राहायचं. सासऱ्यासमोर आडवं पडणं तर सोडाच, बसणंसुद्धा न्हाई.

मामंजी वाईट नव्हते. आपल्यामुळं बायकांची तारांबळ उडू नये म्हणूनच ते आधी खोकायचे. पण त्यांना आत काय कमी कामं? अडकित्ता राह्यला, पंचा राह्यला, तंबाखूचा बटवा राह्यला. मी कुशीवर पडून हातपाय सैल सोडते न सोडते तोच खोकला यायचा. उठा. ते गेले की पडा. पंचा घेऊन ते परत यायचे. उठा. त्यात कहर म्हणजे, बिचारे माझी चौकशी करायला मुद्दाम यायचे. "सुनबाई आराम करून राह्यली का?" असं आत्याबाईंना विचारायचे, आणि मी सुजलेल्या पायांवर उभी राहून भिंतीकडं बघत मान हलवायची. काय बोलावं सांगा.

ते कमी पडलं म्हणून की काय, आमचं गाव राजूरच्या वाटेवर. चतुर्थी आली की राजूरच्या गणपतीला निघालेले सगळे सोयरे आमच्या दारात गाडी सोडायचे. सुनेला बरं न्हाई हे कळलेलं, मंग तर काय विचारता. जो तो आत येणार, आणि जो मोठा येईल त्याच्या पाया पडायचं. मी वाकायची, पायाला हात लावायची, कण्हत सरळ व्हायची, आणि मंग समोरचं माणूस म्हणणार, "अगं अगं, वाकू नको." हे आधी का सुचत न्हाई लोकांना? टेंभुर्णीच्या आत्तेसासूबाईंनी तर पाया पडून घेतलं, चहा माझ्याच हातचा मागितला, आणि जाताना आत्याबाईंना बजावलं, "सुनेला जरा आराम द्या बाई." माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं फुगा दाबला आणि तिचा चेहराच बदलला. जोर आणखी वाढला होता. "तू आराम करत न्हाईस," ती मलाच रागवली. मला रडू कोसळलं. रडू कसलं, संतापच होता तो. सारं गाव माझ्या आरामाची चौकशी करतंय अन् तेच मला उठवतंय, हे तिला कसं सांगू? छकड्यात आत्याबाई एकदाच म्हणाल्या, "थोरलीचं पन हेच चालल्तं." मला झटक्यांचं इतकं भ्या वाटत होतं की रस्ताभर मी माझी बोटंच बघत होते, आपोआप हलतात का म्हणून.

सकाळी उठून बघते तर दाराच्या चौकटीला कडूलिंबाचे डहाळे बांधलेले. आत्याबाई ओसरीवर हात जोडून मामंजींना सांगत होत्या, "सुनंच्या अंगावर देवी आल्यात. बारीक हायेत, कांजिण्या. पन आता कुनी आत जायचं न्हाई."

माझ्या अंगावर एक फोडसुद्धा नव्हता.

त्या आत आल्या, पडदा टाकला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पड आता. बघू कोन उठवतंय."

खरंच कुणी उठवलं न्हाई. देवी आलेल्या बाईपुढं गडीमाणूस येत न्हाई. आलेला पाहुणा उंबऱ्यावर पाणी ओतून, मलाच हात जोडून माघारी. देवी घरात म्हणून फोडणी बंद, सगळ्यांनाच अळणी. मामंजी दहीभात खाऊन खाऊन वैतागले, पण देवीपुढं काय बोलणार? एरवी खोकून येणारा माणूस आता पडद्यापलीकडून दबक्या आवाजात नमस्कार करून जायचा. मला हसू यायचं अन् लाजही वाटायची.

आराम मात्र आत्याबाईंच्या हाताखाली होता, म्हणजे तोही धाकातच. त्या उशाशी बसायच्या अन् डाफरायच्या, "अंग सैल सोड म्हन्ते ना. खांदे बघ, कसे आवळलेत. श्वास सोड, हळू. जल्दी काय हाय तुला?" अशी बोलणी खाऊन कुणाचं अंग सैल पडेल? पण पडायला लागलं. ऊन उतरलं की हाताला धरून त्या मला मागच्या परसात न्यायच्या आणि शेवग्यापासून हौदापर्यंत गपचूप चालवायच्या, कुणी बघू नये म्हणून. सूज ओसरू लागली. डोकं ठणकायचं थांबलं. आत्याबाई मात्र रोज देव्हाऱ्यापुढं पुतळ्यासारख्या बसलेल्या दिसायच्या. देवीच्या नावानं खोटं बोलल्याची भीती त्यांना आतून खात होती, ते मला दिसत होतं.

देवीला निरोप द्यायचं त्या आज-उद्या करत राह्यल्या. कधी एक फोड उतरला म्हणायच्या, कधी दुसरा आला. आणि एके दुपारी, दिवस भरायच्या आधीच, मला कळा सुरू झाल्या. जालना कुठचं आता. गावातल्या सुईणीला बोलावणं गेलं. ती आली, चौकटीवरचा लिंब पाहिला अन् उंबऱ्याबाहेरच थांबली. "देवीच्या घरात मी कशी येऊ? उद्या दुसऱ्या बाळंतिनीला हात लावायचाय मला." तिचं काय चुकलं? आम्हीच ती वाट बंद केल्ती.

कळा सोशीत मी आतून सगळं ऐकत होते. गल्ली जमली होती, मामंजी ओसरीवर उभे होते. आत्याबाईंनी पडदा बाजूला केला, बाहेर गेल्या आणि एका हिसक्यात लिंबाचे डहाळे ओढून खाली टाकले. "देवी न्हाई," त्या म्हणाल्या. "कवाच नव्हती. म्या खोटं बोलले. ये आत."

सुईण आत आली.

पोरगी झाली. बारीक होती, पण रडली. मला झटका आला न्हाई. आत्याबाईंनी माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली आणि मंग पोरीला घेतलं.

दिवेलागणीला पडद्यापलीकडं मामंजींचा आवाज आला. खोकले न्हाईत, सरळ बोलले. "मला सांगायचं व्हतं. म्या ओसरीवरच बसलो असतो."

आत्याबाईंनी फडकं भिजवून घेतलं. मामंजी पुढं म्हणाले, "अन् थोरलीच्या टायमाला का न्हाई केलंस असं काही?"

आत्याबाई पोरीचं तोंड पुसत होत्या. "तवा," त्या म्हणाल्या, "तिला मीच उठवत व्हते."