कंडक्टरची हाक

अंध माणसांना नोकऱ्या मिळवून देताना आम्ही काय शिकलो, ते सरकारला कळवायचं होतं. त्यावरून नवे नियम ठरणार होते. अहवालात मी ऐटीत लिहिलं, बसमध्ये स्टॉपचं नाव कानात सांगणारं यंत्र द्यावं. तंजावरजवळच्या पापनाशम गावची एक अंध मुलगी आमच्यामार्फत तंजावरच्या इस्पितळात फोन घ्यायला बसायची. तिचा स्टॉप आला की कंडक्टर मोठ्यानं हाक मारायचा. त्याची बदली झाली आणि ती रोज पुढच्या स्टॉपवर उतरू लागली. म्हणून माझं हे यंत्र.

पाठवण्याआधी मी तिला पानं वाचून दाखवली. ती आमच्यासारखीच तंजावरच्या जुन्या मराठी घरातली, बोलता बोलता तमिळमध्ये शिरणारी. ती हसतच सुटली.

“अक्का, स्टॉप मला ठाऊक आहे. कॉफी भाजल्याचा वास आला की मी उठते. त्याची हाक मला नव्हती, दारात उभ्या असलेल्यांना होती; ते सरकेपर्यंत आता बस पुढे निघते.”

मला माझाच राग आला. दोन वर्षं तिच्यासाठी राबले आणि एवढं विचारलं नव्हतं.

“मग काय लिहू?”

“कंडक्टरनं सगळ्या बसला ऐकू जाईल असं ओरडावं, म्हणून लिहा. माझ्या कानात सांगून दार मोकळं होत नाही.”