घोड्यांच्या दवाखान्यातला दोर

इतकी वर्षं लोटली, पण घोड्यांच्या दवाखान्यातली ती दुपार अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतरचा काळ. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार म्हणून नवाच आलो होतो. गावाबाहेर एक लांबलचक दगडी इमारत होती. निजामाच्या रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, आजारी घोडे तिथं ठेवत. फौज गेली, घोडे गेले, दाराला सरकारी कुलूप लागलं. गस्तीवर जाताना मी त्या इमारतीकडं मान वळवूनही बघत नसे.

एके सकाळी आमच्या खबऱ्यानं बातमी आणली. "साहेब, टांगेवाल्याचं बायकोशी लई भांडण झालं व्हतं. तवापासनं बाई कुणाला दिसली न्हाय. अन् ह्यो गडी जाड दोर अन् गोणपाटं घेऊन गावाबाहेर जातोय."

दोर आणि गोणपाट म्हटल्यावर पोलिसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? टांगेवाल्याला बाजारातून उचलून ठाण्यात आणलं. दोन्ही तळहात दोरानं सोललेले. बायको कुठं आहे, विचारलं, गप्प. हवालदारानं दरडावलं, मी गोडीगुलाबीनं विचारून पाहिलं. मान खाली ती खालीच. दोन पंच बोलावून त्याच्या घराची झडती घेतली. संशयास्पद काही सापडलं नाही. अंगणात टांगा मात्र दांड्या जमिनीला टेकवून उभा होता आणि तबेला रिकामा.

परत येऊन मी बायकोचा विषयच सोडला. म्हटलं, "तुझी घोडी कुठं आहे?"

त्याचा चेहरा बदलला. त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "साहेब, मला डांबा, पर आधी दवाखान्यात चला. घोडी पडलीय माजी. झोळीत घातलीय. मी औषधापुरता बाजारात आलो व्हतो. खुंट्याची गाठ ऱ्हाईना, म्हनून बायको एकटीच दोर धरून हाय. तिच्यानं न्हाय व्हायचं."

आम्ही धावतच गेलो. मागच्या दाराचं कुलूप तुटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो.

तुळईच्या लोखंडी कप्प्यांवरून दोर खाली आले होते. गोणपाटाच्या रुंद झोळीत घोडी तोलून धरलेली, खूर जमिनीला जेमतेम टेकलेले. एका बाजूला दोर छातीशी धरून, सगळा भार मागं टाकून त्याची बायको उभी होती. घामानं निथळत होती बिचारी. टांगेवाल्यानं जाऊन दोर धरला. मी आणि हवालदारही लागलो.

दोर खुंट्याला बांधल्यावर मी नीट वर पाहिलं. केवढ्या उंच कमानी! जनावराला लागू नये म्हणून खांबांचे कोपरे गोल घडवलेले. खूर सरकू नयेत म्हणून फरशीला बारीक रेघा. लंगडणाऱ्या घोड्यासाठी दाराला उंबराच नाही. झरोके इतके वर, की उजेड भिंतीवरून उतरत खाली येई आणि घोड्याच्या डोळ्यांवर तिरीपही पडत नसे. मुक्या जनावराचं दुखणं कुणीतरी दगडात इतकं विचार करून बांधलं होतं. मी टोपी काढून हातात घेतली.

"माजा बाप इथं सईस व्हता, घोड्यांची निगा राखायचा," टांगेवाला म्हणाला. "पडलेलं घोडं उठवायची हीच रीत. निजून ऱ्हायलं की मेलंच. भांडण त्येच्यावरनंच झालं. कुलूप तोडू नका म्हनत व्हती ही, अन् शेवटी हीच आली दोर धराया."

"मग सकाळीच का नाही सांगितलं?"

"हिलाबी ठाण्यात आणली असती तुमी. घोडी तर गेलीच असती, वर बाईमाणसाची अब्रू."

तेवढ्यात घोडीनं मागचा पाय उचलला, चाचपडत टेकवला आणि दोर किंचित ढिला पडला. हवालदार डोळे पुसत होता.

थोड्या वेळानं टांगेवाल्यानं दोन्ही हात पुढं केले. "चला साहेब. कुलूप म्या तोडलंय."

मी ठाण्यातून दुसरं कुलूप मागवलं आणि किल्ली त्याच्या बायकोच्या हातात दिली. म्हटलं, "घोडी चालायला लागली की किल्ली ठाण्यात आणून द्या. वर काय सांगायचं ते मी बघतो."

पुढं नोकरीत कितीतरी गप्प आरोपी माझ्यासमोर बसले. हा काय लपवतोय, हे बाकीचे विचारतच असत. हा कुणाला वाचवतोय, हे मी आधी शोधू लागलो.